हाडानं न दिलेली साक्ष

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, आणि ज्यांच्यापाशी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं त्या आमच्या सरांपाशी तर नाहीच. बोलायची वेळ आली नाही असं म्हणता येणार नाही – पुष्कळदा आली. दर वेळी मी चहा मागवला, नाहीतर यंदा कापूस कसा आहे ते विचारलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ वर्षानुवर्षं झाकून धरली की हात दुखतो, हे कुणी म्हणत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय – हाही भित्रेपणाच, पण असू दे.

कुठून सुरू करू? सरांपासून करतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नागपुरात सरांच्या हाताखाली संशोधन करत होतो. गाव माझं अल्लीपूर, घरी शेती, आणि घरातून एवढं शिकलेला मी पहिलाच. सर पुरातत्त्वाचे, पण मडक्यांत आणि नाण्यांत त्यांचा जीव रमायचा नाही. हाडांत रमायचा. माणूस जन्मभर जे खातो ते त्याच्या हाडात उतरतं, असं ते सांगायचे. जमिनीत स्ट्रॉन्शियम नावाचं एक द्रव्य असतं. ते मातीतून झाडपाल्यात आणि धान्यात जातं. धान्य-भाजी खाणाऱ्याच्या हाडात ते जास्त सापडतं, मांस खाणाऱ्याच्या हाडात कमी. हाडाचा तुकडा जाळून राख करायची, राख आम्लात विरघळवायची आणि मशीनवर मोजायची. सरांचा प्रश्न असा होता – आपल्याकडचे शिकारीवर जगणारे लोक इंग्रज यायच्या आधी काय खात होते? आणि इंग्रजांनी जंगलं बंद केल्यावर काय खायला लागले? त्यासाठी दोन्ही काळांतली हाडं हवी होती, आणि तीही एकाच मातीतली.

तशी जागा समुद्रपूरच्या पुढे मिळाली. पारध्यांचा एक बेडा होता – दहा-बारा झोपड्यांची वस्ती, पुढे कुणाकुणाची कपाशी, मागे माळ. माळावर त्यांची माणसं पुरलेली, वर दगड रचलेले. नाल्यानं काठ खाऊन एक फार जुनं थडगं उघडं पाडलं होतं. बेड्यातले म्हातारे म्हणाले, हा जंगल बंद व्हायच्या आधीचा माणूस. त्यातली हाडं हातात घेतली की भुगा होत होती, पण काही तुकडे मिळाले. म्हणजे ‘आधी’चं हाड मिळालं. ‘नंतर’चं हवं होतं.

आता मला सांगा, आपल्या माणसाचं हाड कोण देतं? तुम्ही द्याल? सरांनी मागितलंच नाही बरेच दिवस. नुसते जायचे, झाडाखाली बसायचे, बिडी ओढायचे आणि परत यायचे. मी मनातल्या मनात चरफडायचो. शेवटी गुंजाबाईनं आपण होऊन विषय काढला.

गुंजाबाई म्हणजे तिथली साठीच्या आसपासची एक विधवा. उंच, वाळकी, शेळ्या राखायची, आणि बोलण्यात फार काटकसरी. तिच्या नवऱ्याला इंग्रजांच्या काळात तुरुंगात टाकलं होतं. गुन्हा एवढाच, की पोलिसांकडे रोजची हजेरी लावायची असायची ती त्यानं चुकवली. पारध्याच्या जन्माला आला की हजेरी, असा तेव्हाचा कायदा. काही वर्षांनी तो सुटला तेव्हा ओळखू येत नव्हता इतका खंगला होता. स्वराज्य आलं आणि थोड्याच दिवसांत तो गेला. त्याच्या मांडीचं एक हाड द्यायला ती तयार झाली – मात्र उरलेलं परत आणून द्यायच्या बोलीवर. आणि तिनं सरांना एक विचारलं.

“हाड सांगन का, तिकडं ते काय खाऊन राह्यलते?”

सर म्हणाले, “नाही, बाई. हाड जन्माचं सगळं मिळून सांगतं. अमुक एका वर्षात काय खाल्लं ते वेगळं काढून सांगत नाही.”

 ती म्हणाली, “तरी इचारून पाहा.”

मी शेजारीच उभा होतो. मला वाटलं, कळलं मला हिचं दुखणं. आमच्याकडे कुणी परगावाहून आलं की आई पहिलं विचारणार – जेवला का? मी नागपूरहून घरी गेलो की आधी माझ्या गालांकडे बघणार. तसंच हिचं, असं मी धरून चाललो. नवरा उपाशी तर नव्हता ना, एवढंच हिला ऐकायचंय. दुसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. शिकलेल्या माणसाला आपल्या आईपलीकडचं काही सुचत नाही, असंही असतं.

थडग्याचे दगड तिच्या मुलानं, बन्सीनं, स्वतः काढले. परक्याचा हात लागू दिला नाही. हाड नव्या फडक्यात बांधून त्यानं सरांच्या हातात दिलं आणि सरांनी ते माझ्या हातात दिलं.

आता मुद्द्यावर येतो. येतोच आहे – पण बघा, अजून मी सरांच्या भलेपणाच्या आड लपतोय.

राख करायची होती चार तुकड्यांची. जुन्या थडग्यातला एक, गुंजाबाईच्या नवऱ्याचा एक, आणि त्याच मातीत सापडलेल्या एका शेळीचा आणि एका कोल्ह्याचा. शेळी पाला खाणारी, कोल्हा मांस खाणारा. त्यांच्या मधे माणूस कुठे बसतो ते बघायचं. चिनी मातीच्या लहान वाट्या असतात, त्यांत तुकडे ठेवून भट्टीत घालायचे. वाट्यांवर खुणा कोरून घ्यायच्या असतात. कोरायला वेळ लागतो. मी पेननं आकडे घातले, वाट्या आत लोटल्या आणि जेवायला गेलो.

भट्टी निवाल्यावर दार उघडलं तर चार पांढऱ्या वाट्यांत चार पांढऱ्या राखा. शाई जळून गेलेली. कोणती कुणाची – काही पत्ता नाही. वाट्या कुठल्या क्रमानं लावल्या होत्या ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. मला त्या वेळी घाम फुटला होता की नाही हेही आठवत नाही. दार परत लावून टाकल्याचं मात्र पक्कं आठवतं.

मशीन आमचं नव्हतं. दुसऱ्या विभागाकडून उसनी पाळी मिळायची आणि ती दुसऱ्याच दिवशी होती. मी चारही राखा मोजून घेतल्या. एक आकडा चांगलाच वर, एक चांगलाच खाली – म्हणजे ही शेळी, हा कोल्हा, तेवढं उघड होतं. मधले दोन आकडे माणसांचे. एक थोडा वरचा, एक थोडा खालचा. कोणता कुणाचा?

गुंजाबाईच्या नवऱ्याचं हाड बरंचसं उरलं होतं, फडक्यात बांधून कपाटात होतं. दुसरा तुकडा काढून पुन्हा जाळता आला असता. मशीनसाठी पुढच्या पाळीची वाट बघावी लागली असती, आणि सरांना सांगावं लागलं असतं की मी वाट्यांवर खुणा कोरल्या नाहीत. एवढंच. बाकी काही नाही. हे एवढंच मला जमलं नाही.

खालचा आकडा मी जुन्या शिकाऱ्याच्या नावावर घातला आणि वरचा गुंजाबाईच्या नवऱ्याच्या. का? तर सरांचं म्हणणं तसं होतं – इंग्रजांच्या आधी मांस जास्त, नंतर धान्य जास्त. ते खरंही असेल. बहुधा असेलच. मी मनाशी म्हटलं, यात खोटं ते काय, आपण फक्त अंदाज केला. सरांनी आकडे पाहिले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. ते फारसं कुणाच्या पाठीवर हात ठेवत नसत.

इथवरचा अपराध प्रयोगशाळेतला. एवढाच असता तर कदाचित तुम्हाला सांगितलाही नसता. असले पुष्कळ असतात, आणि त्यांच्यावर पुष्कळांच्या नोकऱ्या उभ्या असतात.

हाड परत द्यायला सर माझ्याबरोबर येणार होते, पण तापानं झोपून होते. निघताना त्यांनी बजावलं – तुरुंगातलं काही विचारलं तर हाडाला ते कळत नाही, एवढंच सांग. मी हो म्हटलं. हिंगणघाटला बस बदलली, समुद्रपूरला उतरून पायी बेड्यावर गेलो. गुंजाबाई होती, बन्सी होता, बेड्यातली आणखी माणसं जमली. त्यांच्यात एक म्हातारा होता, त्यांच्या जातपंचांतला. गुंजाबाईनं फडकं दोन्ही हातांत घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिली. विचारलं काहीच नाही.

आणि मला तिला काहीतरी द्यावंसं वाटलं. रिकाम्या हातानं कसं जायचं, असं. मी म्हणालो, “काळजी करू नका, बाई. उपाशी नव्हते ते. हाडात धान्य भरपूर दिसतं. भात-भाकरी पोटभर मिळत होती त्यांना.”

 मग तो म्हातारा म्हणाला, “भाकर? कोनाच्या हातची?”

मी – काय सांगू – मी हसून म्हणालो, “तुरुंगातल्या भटारखान्यातली. आणखी कुणाच्या?”

गुंजाबाई खाली बसली. हाड मांडीवर, आणि माझ्याकडे बघायचं तिनं सोडून दिलं. मला वाटलं, बाईचं मन हलकं झालं. मी पाणी प्यालो, सगळ्यांना हात जोडले आणि निघालो. बसमध्ये मला छान झोप लागली.

काही दिवसांनी बन्सी नागपूरला आला. विभागाच्या दारात चपला काढून उभा होता. तेव्हा मला सगळं समजलं.

त्यांच्यात परक्या हातचं शिजलेलं खाल्लं की माणूस जातीबाहेर. तुरुंगातून सुटून आलेल्याला पंचांपुढे शपथ घ्यावी लागे. बन्सीच्या बापानं शपथेवर सांगितलं होतं की मी भाजलेले चणे आणि कच्चा भाजीपाला यांवर दिवस काढले, शिजलेल्या अन्नाला तोंड लावलं नाही. पंचांनी त्याच्या अंगाकडे बघून विश्वास ठेवला. तरी कुजबूज राहिलीच – नुसत्या चण्यांवर कुणी वर्षं काढतं का? नवरा गेल्यावरही ती कुजबूज गुंजाबाईच्या मागे होती. म्हणून तिनं हाड दिलं होतं. नवऱ्याची शपथ खरी होती, हे हाडानं चारचौघांत सांगावं म्हणून. ‘तरी इचारून पाहा’ म्हणाली होती ती त्यासाठी.

आणि शहरातून शिकलेला माणूस येऊन चारचौघांत सांगून गेला, की नाही, भाकरी खात होता.

पंच बसले. शपथ खोटी ठरली. इतकी वर्षं हे घर आपल्या पंगतीला खोट्यानं जेवलं, असं ठरलं. बन्सीच्या मुलीचं लग्न जमलं होतं, ते मोडायला आलं. पंचांनी एक वाट ठेवली होती – बन्सीनं आणि गुंजाबाईनं सगळ्यांपुढे म्हणायचं, आमचा माणूस खोटारडा होता. आणि त्याला माळावरच्या थडग्यातून काढून बाहेर न्यायचं.

बन्सी म्हणाला, “सायेब, तुमी येऊन एवढंच सांगा, का हाडाले ते समजत नाई. मोठ्या सायेबानं तं तसंच म्हटलं होतं.”

एवढंच. नीट बघा, तो माझ्याकडे काय मागत होता. खोटं बोला असं नव्हता म्हणत. खरं सांगा म्हणत होता. त्याला माझ्या वाट्यांचं काही ठाऊक नव्हतं. ते मी सांगावं असंही त्याला नको होतं. सरांनी जे वाक्य मला देऊन पाठवलं होतं, तेच एक वाक्य मी माळावर उभं राहून म्हणायचं होतं.

का नाही म्हटलं मी? स्वतःला इतक्यांदा विचारलंय की उत्तराची चव गेली. मी गेलो असतो तर सरांना कळलं असतं. सर स्वतः आले असते. मी तिथे काय बोललो, कशावरून बोललो, सगळं विचारलं असतं. मग त्यांनी आकडे पुन्हा काढले असते, हाड पुन्हा मागून घेतलं असतं, पुन्हा जाळून बघू म्हणाले असते. चोराच्या मनात चांदणं – मला तेवढंच दिसत होतं. माझा प्रबंध टाइप व्हायला गेला होता. नोकरीच्या एका जागेचं बोलणंही चाललं होतं.

पण नुसतं येत नाही म्हणून मी थांबलो असतो, तरी ते भित्रेपणात जमा झालं असतं. मी त्याला म्हणालो – “बन्सी, शास्त्र जे सांगतं ते मला बदलता येत नाही. हाड खोटं बोलत नाही.”

हे मी मान ताठ ठेवून म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं. मोठे साहेब आहेत का, असं त्यानं विचारलं. सर तेव्हा आतल्या खोलीत बसले होते. मी म्हणालो, बाहेरगावी गेलेत. त्यानं चपला घातल्या, मला नमस्कार केला – मला! – आणि गेला.

पुढे आमचा लेख छापून आला. त्यात तो वरचा आकडा आहे, खालचा आकडा आहे, आणि त्यावरून काढलेला सुरेख निष्कर्ष आहे. मला नोकरी लागली. सर निवृत्त झाले, नंतर वारले. शेवटपर्यंत त्यांना तो लेख आपल्या चांगल्या कामांपैकी एक वाटायचा. त्यांच्या आजारपणात मी उशाशी बसायचो. एकदा त्यांनी विचारलं, ती गुंजाबाई कशी आहे रे? मी म्हणालो, बरी असेल.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, सर गेल्यानंतर, मी एकदा समुद्रपूरला गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो – बाई, मी खोटं बोललो, हाडातलं मला काहीच कळलं नव्हतं. बेड्यावर पोचलो तर गुंजाबाईची झोपडी तिथे नव्हती. एका बाईनं नाल्याच्या पलीकडे बोट दाखवलं आणि घरात निघून गेली.

पलीकडे एका बाभळीखाली तिची झोपडी होती, आणि झोपडीला लागून दगडांचा ढीग. बन्सीनं पंचांपुढे म्हणायचं ते म्हटलं होतं. त्याला पोरीचं लग्न करायचं होतं. दुसरं काय करणार होता तो? तो जातीत परत गेला, पोरगी नांदायला गेली. गुंजाबाईनं म्हणायला नकार दिला. नवऱ्याला माळावरून काढलं तेव्हा तीही त्याच्याबरोबर उठून आली. नातवंडं सणावारालाही नाला ओलांडून तिच्याकडे येत नसत. हे सगळं तिनंच मला सांगितलं, शेळ्यांकडे लक्ष ठेवत, कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं. मला बसायला तिनं पोतं टाकलं होतं.

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. पण तीच आधी बोलली.

“पयले लय रडली मी, बाबू. मले वाटे, शपथ मोडली त्याईनं, मलेबी खोटं सांगतलं. मंग म्हटलं – खाल्लं तं बरंच केलं. उपाशी तं नाई राह्यले.” मग तिनं जरा पुढे सरकून विचारलं, अगदी हळू – आजूबाजूला कुणी नव्हतं तरी – “भाकर कायची होती, बाबू? ज्वारीची का गव्हाची? हाडात दिसलं असन ना तुले?”

आता तुम्ही म्हणाल, तिच्यापाशी उरलेलं तेवढं सुख मोडवलं नाही म्हणून मी गप्प बसलो. तसं म्हणू नका. मीही तसं म्हणून पाहिलंय, ते टिकत नाही. नवरा शब्दाला जागला हा तिचा आयुष्यभराचा आधार होता. तो मी काढून घेतला आणि त्या जागी एक भाकरी ठेवली. ती भाकरीही माझ्या मनची. मी उघडलेलं तोंड मिटलं ते तिच्यासाठी नाही. ती नुसती ओरडली असती तरी नाल्यापलीकडचा बेडा जमला असता, बन्सी आला असता, आणि मला त्याच्या डोळ्यांना डोळा द्यावा लागला असता – मी त्याला भ्यालो.

ज्वारी की गहू, हे त्या हाडात दिसत नाही. आमच्या पद्धतीत ते कुठल्याच हाडात दिसत नाही. तो माणूस चणे खाऊन राहिला होता की भाकरी, हेही मला ठाऊक नाही. तो खरं बोलला असेल. माझ्या मनाला तर तो खरंच बोलला असं वाटतं.

“ज्वारीची,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. “मंग जेवले असन ते,” ती म्हणाली, आणि शेळ्यांना पाला टाकायला उठली. मी उठून नाला ओलांडला, रस्त्यावर आलो आणि हिंगणघाटची बस पकडली.